शेवटचं टोक इथे आहे

'काहीही झालं तरी' हे तीन शब्द माणसाने मनातल्या मनात म्हणावेत. नानाएने ते मोठ्याने म्हटले, आणि तेही इमारतीच्या कचरा ठेवायच्या कोपऱ्यावर, जिथे म्हटलेली गोष्ट कावळ्यांनी पिशव्या फाडू नयेत म्हणून पसरलेल्या जाळीखालून निसटून संध्याकाळपर्यंत चौथ्या मजल्यावर पोचते.

"काहीही झालं तरी या बुधवारी वाकाबाला ॲनिमेच्या प्रदर्शन-केंद्रात न्यायचंय," ती शिनोझाकीबाईंना म्हणाली, "तेवढी माझी कोपरा धुवायची पाळी तुम्ही घ्याल का?"

मागायचं होतं एवढंच. पण उपकार मागितला की कारण सांगावं लागतं आणि कारण सांगितलं की सल्ला घ्यावा लागतो.

कारण तसं साधं होतं. वाकाबा पाच वर्षांची, बालवाडीच्या ट्यूलिप गटात. कामिमोरीच्या त्या केंद्रात बादलीएवढा एक ढोल होता, त्याच्या अंगाला उभ्या फटी. मुलांनी घरून कागदाच्या लांब पट्टीवर चित्रं काढून न्यायची, ती आत लावायची, ढोल गरगर फिरवायचा आणि फटीतून बघायचं, की चित्र चालायला लागतं. वाकाबाने गोगलगाय काढली होती. 'माझी गोगलगाय चालणार आहे' असं तिने वर्गात उभं राहून जाहीर केलं होतं. त्यावर रेन्जी नावाच्या एका गृहस्थाने, वय तेवढंच, 'गोगलगाय चालत नाही, चिकटते' असं मत मांडलं आणि ट्यूलिप गट त्याच्या बाजूला गेला.

पहिल्यांदा जायचं ठरलं तेव्हा वाकाबाला ताप आला. दुसऱ्यांदा वादळ आलं. आता गुरुवारपासून ढोल उचलून गोदामात जाणार होता, कारण तिथे नवं प्रदर्शन लागणार होतं. राहता राहिला बुधवार. रविवारी वाकाबाने आईच्या करंगळीत करंगळी अडकवून तिच्याकडून पक्की शपथ घेतली होती. ही शपथ मोडणाऱ्याला हजार सुया गिळाव्या लागतात. मोठी माणसं हे नुसतं म्हणून सोडून देतात. वाकाबाने मात्र शिवणाचा डबा आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला.

"यात हजार आहेत का?"

"नसतील ग."

"मग आणाव्या लागतील," ती शांतपणे म्हणाली आणि दूध प्यायला लागली.

नानाए रात्रभर त्या डब्याकडे पाठ करून झोपली.

इकडे शिनोझाकीबाईंनी झाडू भिंतीला टेकवला होता. झाडू टेकवला म्हणजे विषय लांबचा. "कामिमोरीचं केंद्र? अहो वाकाबाची आई, तिथे रांगेत उभं राहायला रांग असते. माझी भाची जाऊन आली ना. घडीचं स्टूल न्या. माझं नेता? न्याच. आणि तिकिटं पिशवीत ठेवू नका. ऐन वेळी सापडत नाहीत आणि मागच्यांचा खोळंबा होतो. गळ्यात अडकवा. ते बालवाडीचं पालकांचं ओळखपत्र आहे ना, दोरीवालं? त्याच्याच पाकिटात खुपसायची."

मागच्यांचा खोळंबा ही कल्पनाच नानाएला असह्य. तिने मान डोलावली.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचे उबुकाताकाका खाली आले. हे रेल्वेतून निवृत्त झालेले, पण रेल्वे त्यांच्यातून झालेली नव्हती. "मागच्या डब्यात बसा," ते म्हणाले. "उतरलात की जिना नाकासमोर. स्टेशनाबाहेर पूल लागेल, त्याच्यावर वारा असतो. माझं जाकीट न्या."

"नको नको, अहो, हवामानखात्याने ऊन सांगितलंय."

"हवामानखात्याला काय, त्यांना थोडंच पुलावर उभं राहायचंय?"

नानाएने दुसऱ्यांदा नको म्हटलं. तिसऱ्यांदाही म्हटलं. तिसरं 'नको' झालं की वस्तू घ्यावीच लागते. त्यापुढचं 'नको' हे भांडण. जाकीट गडद निळं होतं, बाह्यांवर चकाकणारे पट्टे, खिशावर शिट्टीसाठी हूक. बुधवारी निघताना ते हातावर टाकून न्यायचा तिचा विचार होता, पण उबुकाताकाका खिडकीत हात मागे बांधून उभे होते. तिने ते घातलं. गळ्यापर्यंत चेनही लावली.

दारात फोन वाजला. सासूबाई.

"माझ्यासाठी काही आणू नकोस हं, नानाए-सान."

"हो आई."

"उगीच ओझं. आणलाच तर तिथे बेडकाचं चित्र असलेला कप मिळतो. पण मुद्दाम नको. निळा. हिरवा नको."

कोपरा धुण्याबद्दल शिनोझाकीबाईंना खाऊ, जाकिटाबद्दल काकांना खाऊ, मुद्दाम न आणायचा निळा कप. गोगलगाय अजून घराबाहेर पडली नव्हती आणि परतीचं ओझं तयार होतं.

केंद्रात पोचल्यावर शिनोझाकीबाईंची भाची खरं बोलत होती हे कळलं. दारापासून निघालेली रांग झाडांच्या कडेने वळून सायकली लावायच्या जागेपर्यंत गेली होती. शेवटी कुठल्याशा ॲनिमेतल्या पात्रासारखा हिरव्या केसांचा टोप घातलेले एक पंचेचाळिशीचे सद्गृहस्थ हातात पाटी धरून उभे होते. पाटीवर लिहिलं होतं, 'रांगेचं शेवटचं टोक इथे आहे'. अशा ठिकाणी ही पाटी जो शेवटचा असेल त्याने धरायची, मागून कोणी आलं की त्याच्या हाती द्यायची आणि हलकं व्हायचं. पोलीस लागत नाहीत, दोऱ्या लागत नाहीत.

"ढोलाची रांग हीच ना?" नानाएने विचारलं.

"हीच. सांभाळा," टोपवाल्यांनी वाकून दोन्ही हातांनी पाटी तिला दिली.

नानाएने ती छातीसमोर सरळ धरली. वाकाबा स्टुलावर बसली, मांडीवर पट्टीची गुंडाळी. सगळं कसं मार्गाला लागलं होतं. नानाएला आयुष्यात असे क्षण आले की भीतीच वाटते, आणि ती सहसा खरी ठरते.

मागून एक जोडपं आलं, जुळी मुलं घेऊन. नानाएने पाटी पुढे केली. बाईंनी पाटी वाचली. मग जाकिटाचे पट्टे पाहिले, गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं, अदबीने वाकल्या, "उन्हातान्हाची ड्यूटी, दमत असाल," असं म्हणाल्या आणि सगळं कुटुंब नानाएच्या पुढे जाऊन उभं राहिलं.

त्यांचं काही चुकलं नाही. रांग फार वाढली की पाटी केंद्राचा माणूस धरतो, आणि तेव्हा येणाऱ्याने त्याच्या पुढे उभं राहायचं असतं. हे सगळ्यांना माहीत आहे. नानाएलाही होतं. तिने सांगायला तोंड उघडलं, पण त्या बाईंनी 'दमत असाल' इतकं मनापासून म्हटलं होतं की आता 'मी कर्मचारी नाही' म्हणजे त्यांना चारचौघांत तोंडावर पाडणं. पुढचा माणूस आला की त्याला सांगू, असं तिने ठरवलं. पुढचा माणूस आला, वाकला, पुढे उभा राहिला. आणि पहिल्याला जे सांगितलं नाही ते दुसऱ्याला कुठल्या तोंडाने सांगायचं?

रांग पुढे सरकत होती आणि पुढूनच वाढत होती. नानाए सायकलींपर्यंत होती, ती सायकलींच्या मागे गेली.

"आई, ते हिरव्या केसांचे काका आपल्या पुढेच होते ना?"

"हो."

"आता दिसतसुद्धा नाहीत."

"रांग सरकतेय ना राणी."

"रांग सरकतेय," वाकाबा म्हणाली. "आपण नाही."

नानाएने पाटी जरा उंच धरली.

मग लोक प्रश्न विचारायला लागले. बाळाचं दूध गरम करायला कुठे मिळेल? बेडकाचे कप संपले का? इथे नानाएचा आणखी घात झाला, कारण तिला सगळं माहीत होतं. कुठेही जायच्या आधी ती त्या ठिकाणाच्या सूचना आदल्या आठवड्यापासून वाचते. आग लागली तर बाहेर कुठून पडायचं तेही पाहून ठेवते. "दूध दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या डावीकडे," तिने सांगून टाकलं. ज्यांना थोडी शंका होती तीही फिटली.

एक आजीबाई काठी टेकत आल्या. "बसायला बाकं किती कमी ठेवलीत हो तुम्ही. आमच्या गुडघ्यांचा काही विचार?"

"फार गैरसोय झाली तुमची. माफ करा," नानाए म्हणाली आणि कमरेतून वाकली. चूक कोणाचीही असो, समोरचा रागावला की तिची कंबर आपोआप वाकते. डोक्याला नंतर कळतं. एवढ्यावर थांबावं की नाही? तिने शिनोझाकीबाईंचं स्टूल आजींना देऊन टाकलं. वाकाबा मुकाट्याने उठून उभी राहिली. तिने आईकडे पाहिलं ते सुयांच्या दुकानाचा पत्ता विचारावा तसं.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "आई, शू."

"थांबवेल?"

"थांबवतच होते. आता नाही."

पाटी द्यायची कोणाला? मागे कोणी नाही. मागे कोणी असणार नव्हतंच. खाली ठेवून जावं, तर टोकाशिवाय रांग म्हणजे गाठ न मारलेला दोरा. येणाऱ्याने उभं राहायचं कुठे? माणसं कुठेही उभी राहतील. नानाएच्या डोळ्यांसमोर सगळं केंद्र उसवलेलं दिसलं. तिने एका हातात लेक घेतली, दुसऱ्या हातात पाटी, आणि तळमजल्यावरच्या स्वच्छतागृहाकडे धावत सुटली. पाटी सवयीने डोक्याच्या वर.

आत तिला एवढंच समाधान होतं की निदान ही एक गोष्ट वेळेवर झाली. वाकाबाचे हात धुऊन, रुमालाने पुसून, पाटी पुन्हा उचलून ती दार ढकलून बाहेर आली.

दारापासून जिन्यापर्यंत रांग लागली होती.

शांत, सरळ, एकामागे एक. बायका होत्या, पुरुष होते, एक बाबागाडी होती. 'रांगेचं शेवटचं टोक इथे आहे' ही पाटी ज्या दारातून आत गेली त्या दारासमोर माणसं निमूटपणे उभी राहिली होती. कशाची रांग म्हणून कोणी विचारलं नव्हतं. रांग आहे म्हणजे पलीकडे काहीतरी असणारच. नानाए दिसताच सगळे वाकले.

"ढोल आतच आहे का हो?" सगळ्यात पुढच्या गृहस्थांनी विचारलं. दारावर बाईचं चित्र होतं आणि ते थोडे अवघडलेले दिसत होते.

तेवढ्यात कर्णा हातात घेऊन केंद्राच्या यानागिहाराबाई आल्या. पन्नाशीच्या, पांढरे हातमोजे, कर्णा नसता तरी चाललं असतं असा आवाज. "बाहेरच्या रांगेला टोक नाही आणि टोक इथे काय करतंय? ढोल आता थोड्याच वेळात बंद होईल. टोकापर्यंतच्याच मुलांना आत घ्यायचंय, आणि मला टोकच सापडत नाही." मग त्यांनी नानाएला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कोणत्या गटाच्या तुम्ही?"

"ट्यूलिप," नानाए म्हणाली.

गळ्यात तेच लिहिलेलं होतं.

"पाटी घेऊन जागा सोडायची नसते, हे पहिल्या दिवशी शिकवलं नाही का तुम्हाला?"

कंबर वाकली. "माफ करा, माझं फार चुकलं." खाली पाहताना तिला वाकाबाचे बूट दिसले, आणि बुटांच्या वर पट्टीची गुंडाळी. इतका वेळ हातात दाबून दाबून तिची कड मऊ पडली होती. वाकाबा रडत नव्हती. रडली असती तर नानाएने तिला समजावलं असतं, घरी नेलं असतं, पुन्हा एकदा 'बघू' म्हटलं असतं. ती नुसती वाट पाहत होती, आता कोणाकडूनही काही होणार नाही हे कळल्यासारखी.

"आणा ती पाटी इकडे," यानागिहाराबाईंनी हात पुढे केला.

नानाए सरळ झाली.

"नाही देणार."

रांगेत कोणीतरी खोकलं आणि मध्येच थांबलं.

"मी इथे नोकरीला नाही. हे जाकीट उबुकाताकाकांचं आहे. हे कार्ड माझ्या मुलीच्या बालवाडीचं आहे. ही गोगलगाय घेऊन मी सकाळी रांगेत उभी राहिले आणि तेव्हापासून शेवटचीच आहे. शेवटची म्हणजे रांगेतली. मी रांगेत आहे याचा माझ्याकडे दुसरा काही पुरावा नाही. ही पाटीच आहे. ती मी देणार नाही."

इतकं सलग ती परक्या माणसाशी लग्नाच्या आधीही बोलली नव्हती. कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. पण पाटी हलली नाही.

"पाटी मीच दिली यांना." हिरव्या केसांचे सद्गृहस्थ जिन्यावरून खाली येत होते, टोप आता हातात. "या अगदी माझ्या पाठीमागे होत्या. माझं होऊन मी वरच्या मजल्यावर जेवूनसुद्धा आलो."

मग जे झालं ते दुसऱ्या कुठल्या देशात झालं नसतं. जुळ्यांच्या बाई हातावर हात ठेवून वाकल्या, "अगबाई, म्हणजे सगळ्यात आधी आम्हीच तुमच्या पुढे घुसलो." आपापली चित्रं दाखवून झालेले आणि जाता जाता थांबलेले आणखी काही जण वाकले. स्वच्छतागृहासमोरची रांग 'तुम्ही आधी' म्हणत नानाएच्या मागे जाऊ लागली. मागे गेलेल्याच्या आणखी मागे जायची चढाओढ लागली, आणि बघता बघता रांग उलटी होऊन तिचं टोक बायकांच्या स्वच्छतागृहात शिरलं. अवघडलेले गृहस्थ शेवटी आत पोचलेच. यानागिहाराबाईंनी कर्णा काखेत धरला आणि त्या सगळ्यांत खाली वाकल्या. त्या वर येईनात म्हणून नानाएही वाकली. नानाए वर येईना म्हणून त्या पुन्हा वाकल्या.

"आई," वाकाबा म्हणाली, "तुम्ही असंच करत राहिलात तर बंद होईल."

नानाएने यानागिहाराबाईंच्या पांढऱ्या हातमोज्यात पाटी दिली. "सांभाळा," ती म्हणाली, आणि लेकीला घेऊन निघाली. धावली नाही. पण तिच्या चालण्यापुढे कर्णा काखेत धरून वाट मोकळी करताना यानागिहाराबाईंची दमछाक झाली.

ढोलापाशी शेवटची मुलगी वाकाबाच. चालवणाऱ्या माणसाने पट्टी आत लावली, बटण दाबलं, यंत्र घरघरलं. वाकाबाने टाचा उंचावून फटीला डोळा लावला. नानाएने शेजारच्या फटीला.

गोगलगाय चालत होती. शिंगं हलत होती, पाठीवरचं घर डुलत होतं, आणि ती मागे मागे जात होती.

वाकाबाने पट्टीवर उजवीकडून सुरुवात केली होती, तिची गोष्टींची पुस्तकं जशी उजवीकडून उघडतात तशी. नानाएने शेजारी बसून पेन्सिलींना टोक करून दिलं होतं, प्रत्येक शिंग नीट आहे ना ते पाहिलं होतं, आणि हे एवढं तिच्या नजरेतून सुटलं होतं. यंत्र एकाच दिशेने फिरायचं. पट्टी काढून उलटी लावता येईल का, हे विचारायला ती वळली आणि केंद्र बंद व्हायची धून वाजायला लागली. ती मंद, हळवी धून ऐकू आली की या देशात माणूस हातातलं काम टाकून दाराकडे चालू लागतो. चालवणाऱ्या माणसाने क्षमा मागितली आणि बटण बंद केलं.

नानाएने लेकीकडे पाहायचं धाडस केलं.

"आई."

"हं."

"मागे जात होती."

"हो ग."

"पण चालत होती." वाकाबाने जरा विचार केला. "तुझ्यासारखी. तूपण दिवसभर मागे मागे जात होतीस, आणि आपण आलोच." मग बूट घट्ट करत ती म्हणाली, "रेन्जी म्हणाला, गोगलगाय चालत नाही. मागे चालत नाही असं कुठे म्हणाला?"

केंद्राचं दुकान अर्थातच बंद झालं होतं. निळा नाही, हिरवा नाही, कुठलाच कप मिळाला नाही. स्टूल आजीबाईंनी यानागिहाराबाईंकडे ठेवलेलं होतं, ते मिळालं. स्टेशनात नानाएने तांदळाच्या खारी बिस्किटांचे दोन गोल पत्र्याचे डबे घेतले, एक शिनोझाकीबाईंना आणि एक काकांना. ती मागच्या डब्यात बसली आणि उतरल्यावर जिना खरोखरच नाकासमोर आला. जाकीट परत घेताना उबुकाताकाकांनी विचारलं, "वारा होता की नाही?"

"होता," नानाए म्हणाली. "तुमच्या जाकिटाने फार लांबवर पोचवलं."

घरी आल्यावर वाकाबाने टेबलावरचा शिवणाचा डबा उचलून कपाटात ठेवला. "या वेळचं राहू दे."

इथे शहाण्या माणसाने गप्प बसावं. पण नानाएला कुठलीही गोष्ट अर्धवट लोंबकळत राहिली की चैन पडत नाही. "आणि आधीच्या दोन वेळचं?"

वाकाबा कपाटाच्या दाराला टेकून उभी राहिली. "ती पुढे चालली की तेही राहू दे."

ढोल उद्या सकाळी गोदामात जाणार होता. नानाएचे खांदे पाटीच्या ओझ्याने अजून दुखत होते. मग तिची नजर शिनोझाकीबाईंच्या बिस्किटांच्या डब्यावर गेली. गोल होता. पट्टीच्या मापाचाही दिसत होता, आणि हाताने फिरवायचा म्हणजे हव्या त्या दिशेने फिरला असता. अंगाला उभ्या फटी पाडायला खिळा आणि हातोडी लागली असती, मधोमध टेकायला एक भोवरा, आणि शिनोझाकीबाईंना उद्या नुसती बिस्किटं ताटलीत घालून का दिली याचं काहीतरी कारण.

तिने उठून आधी खिडकी लावली. खाली कोपऱ्यावर जाळीची घडी घालताना शिनोझाकीबाई उबुकाताकाकांशी बोलत होत्या.

मग तिने डब्याचं झाकण उघडलं आणि 'काहीही झालं तरी' असं म्हटलं, या खेपेला मनातल्या मनात.